‘कन्हान’ची आखूड पताका

१

पताका कमी पडली, हे सगळ्यात आधी पोहेवाल्याच्या लक्षात आलं.

नागपुरात, महाल भागातल्या त्या गल्लीत दरवर्षी हिवाळ्यात एका सकाळी गाड्या बंद ठेवतात. माजी नौसैनिक मंडळाचा हॉल तिथेच, पहिल्या मजल्यावर. हॉलच्या गॅलरीला पताकेचं रुंद टोक बांधायचं आणि म्हाताऱ्या खलाशांनी ती हातोहात उलगडत गल्लीभर न्यायची, अशी रीत. निमुळतं टोक तर्री-पोहेवाल्याच्या पायरीला लागलं की टाळ्या, टाळ्यांनंतर पोहे. इतकी वर्षं टोक पायरीला लागत आलं. यंदा पताका संपली आणि पायरी पुढेच राहिली. मधे एक साडी वाळत घालता आली असती एवढी जागा. पोहेवाला झारा हातात घेऊनच बाहेर आला आणि म्हणाला, अजून ओढा की. ओढायला काही उरलं नव्हतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नौदलाचं जहाज निवृत्त होतं तेव्हा त्याच्या डोलकाठीवर एक लांबच लांब पांढरी पताका चढवतात. जेवढं जहाज लांब, तेवढी पताका लांब. ही पताका ‘कन्हान’ नावाच्या लहानशा जहाजाची. आपल्या नदीचं नाव, म्हणून त्यावर नोकरी केलेल्या इकडच्या पोरांना त्याचा भारी अभिमान. जहाज केव्हाच भंगारात तोडलं गेलं. त्याचा पत्रासुद्धा कुठे शिल्लक नाही. नागपुरात समुद्र नाही, पण समुद्रावरून परत आलेली माणसं आहेत, आणि त्यांच्याकडे त्या जहाजाचं म्हणावं असं एवढं एक कापड होतं.

मी नीला पराते. उभी हयात पोलिसात गेली, आता घरी बसायचं म्हणतात, पण मला बसवत नाही. गुडघे दुखतात तरी येरझारा सुरू असतात. त्या सकाळी मी गल्लीत होते ती माझ्या भाचीच्या कौतुकासाठी. प्रणाली, माझ्या भावाची पोरगी. जुनी कापडं, जुनी लाकडं टिकवण्याचं शास्त्र शिकून आलेली. मंडळाने उन्हाळ्यात पताका तिच्याकडे साफ करायला दिली होती, कारण परवा किनाऱ्यावरच्या एका मोठ्या संग्रहालयाची माणसं ती न्यायला येणार होती. त्यांच्या नव्या दालनात ‘कन्हान’ची पताका लागणार, आणि त्याच संग्रहालयात प्रणालीला पक्की नोकरी मिळणार, असं जवळजवळ ठरलं होतं.

मंडळाचे अध्यक्ष मनोहरराव. ‘कन्हान’वर खलाशांचे मुखिया होते, आवाज अजून तसाच. त्यांनी भर गल्लीत विचारलं, “पताका शेवटची कोणाच्या ताब्यात होती?”

सगळ्यांच्या माना माझ्या भाचीकडे वळल्या. मनोहररावांनी मग एवढंच सांगितलं की उद्या संध्याकाळी सभा आहे. तोवर कापलेला तुकडा परत आला तर ठीक, नाही तर ते संग्रहालयाला फोन करतील आणि नंतर पोलिसांना. पोरगी पांढरीफटक पडली. मला असा राग आला की पोह्यांसाठी हातात घेतलेली रिकामी प्लेट तिथेच ओट्यावर आपटली.

पताकेचं निमुळतं टोक दरवर्षी एक बाई धरते. सखूबाई, पारशिवनीहून बसने येते. तिचा नवरा चंद्रभान ‘कन्हान’वरून वादळात समुद्रात पडला, तो कधी सापडला नाही. सगळे आरडाओरडा करत होते तेव्हा ती टोक छातीशी धरून गप उभी होती. मी जवळ गेले तशी हळूच म्हणाली, “पोरीनं नाही कापलं, बाई.”

तुम्हाला कसं माहीत, मी विचारलं. तिने पदर तोंडाला लावला आणि टोक गुंडाळायला लागली.

२

घरी आल्यावर मी प्रणालीला समोर बसवलं आणि स्वतः फेऱ्या मारत राहिले. पोलिसी सवय म्हणा. आपल्या माणसाला आधी उलटंपालटं करून घ्यावं, म्हणजे बाहेर कोणाला तोंड देताना पाय डगमगत नाहीत.

तिने सगळं सांगितलं. पताका गुंडाळलेलीच आली, आणि कालच गुंडाळलेलीच परत गेली. समुद्रावरच्या कापडात मीठ मुरलेलं असतं. ते हवेतली ओल ओढतं आणि धाग्याला आतून खातं. म्हणून पहिलं काम म्हणजे स्वच्छ पाण्यात बुडवून मीठ काढायचं. तिने तसंच केलं, एकेक भाग उलगडून, पाणी बदलून बदलून. मीठ निघतंय का ते दरवेळी तपासलं. निघालं नाही. पहिलं पाणी तेवढं पांढुरकं, गढूळ आलं, तो वर्षानुवर्षांचा मळ असेल. तिला वाटलं, आनंदकाकांनी आधीच कधीतरी धुवून ठेवली असेल पताका.

आनंदकाका म्हणजे आनंदराव. त्यांच्याकडे हॉलची किल्ली असते आणि पताकाही त्यांच्याच देखरेखीत. ती जहाजावरून नागपूरला आणली तीही त्यांनीच.

मीठ निघालं की नाही निघालं, यात मला त्या घडीला काडीचा रस नव्हता. मी विचारलं, तुझ्याकडे आली तेव्हा पताका किती लांब होती ते तू मोजलं असशील ना. मोजलं म्हण आणि संपव हा तमाशा.

ती खाली बघायला लागली. एवढी लांब पताका उलगडायला तिच्या कामाच्या खोलीत जागा नव्हती. हॉलमध्ये पितळी पाटी आहे, तिच्यावर जहाजाची लांबी कोरलेली आहे, पताकेची तीच. तिने ती पाटीवरून उतरवून घेतली.

“आत्या, माझ्या कामात याच्यापेक्षा मोठी चूक नसते,” ती म्हणाली. “आता मी काहीही सांगितलं तरी खरं कोण मानेल?”

मी तिला मूर्ख म्हटलं. भैताड म्हटलं. मग पाठीवरून हात फिरवला, आणि माझ्याच डोळ्यांत पाणी आलं म्हणून उठून चहा ठेवला. पोरीने रडून नाही दाखवलं. नख कुरतडत बसली होती, लहानपणी परीक्षेच्या आधी बसायची तशी. तिचा बाप लवकर गेला, मी तिला वाढवली, आणि आयुष्याची सुरुवातच चोर म्हणून होणार होती. चहा उतू गेला तरी मला कळलं नाही.

एक मात्र मला खटकत होतं. चोर टोकाचा तुकडा कापेल. पण रुंद टोक धड होतं, निमुळतं टोक धड होतं. म्हणजे तुकडा मधून गेला, आणि दोन्ही बाजू पुन्हा शिवल्या. एवढा उपद्व्याप कोण करील? ज्याला चोरी लपवायची आहे तो. आणि त्या तुकड्याची किंमत ज्याला ठाऊक आहे तो. असा माणूस गांधीबागेत बसतो, हे प्रणालीनेच सांगितलं.

३

भूपेशचं दुकान गांधीबागेतल्या कापडबाजारात, बापाच्या होलसेल दुकानाच्या अर्ध्या गाळ्यात. बाप साड्या विकतो, पोरगा जहाजांचं सामान. गोल खिडक्या, कंदील, होकायंत्रं, सुकाणूची चाकं. बंगलेवाले आणि हॉटेलवाले घेतात. मी स्कूटर हातगाडीच्या मागे कशीबशी टेकवून आत शिरले तेव्हा तो एका पितळी होकायंत्राला काहीतरी काळं फासत होता.

मी ओळख सांगितली तरी त्याने हात थांबवला नाही. हसून म्हणाला, “मावशी, लोकांले जुनं पाहिजे, अन् जुनं तं संपलं. हे मागच्या महिन्यात बनलं आहे. मी लपवत नाही. जो इचारते त्याले सांगतो.”

पताकेचं विचारल्यावर त्याने सरळ कबूल केलं की गेल्या वर्षी तो हॉलवर गेला होता. हातभर तुकडा द्या, काचेत बसवतो आणि खाली जहाजाचं नाव लिहितो, असं त्याने मनोहररावांना म्हटलं होतं. मनोहररावांनी त्याला जिन्यावरून हाकललं. ते खालपर्यंत ओरडत आले आणि आनंदराव मात्र वरच उभे राहिले, घामाघूम, हेही त्याने सांगितलं. थंडीत आनंदरावांना कशाचा घाम आला असेल, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

मग तू रात्रीबेरात्री जाऊन घेऊन आलास काय, मी विचारलं. माझा आवाज चढला होता. शेजारच्या गाळ्यातले दोघे डोकावून गेले.

भूपेशने फडकं खाली ठेवलं. “आता कोणी तो तुकडा फुकट दिला तरी मी घेणार नाही, मावशी. हाकलण्याच्या आधी मी तिचा कोपरा चिमटीत धरून पाह्यला होता. मी कापडवाल्याचा पोरगा आहे.”

म्हणजे काय, मी विचारलं. तो नुसता हसला. मी काउंटरवर हात आपटला. तेव्हा तो म्हणाला की म्हाताऱ्यांची एवढी एक गोष्ट आहे, ती आपण काहून मोडायची, आणि बापाने हाक मारली म्हणून उठून पलीकडे गेला. मी बराच वेळ उभी राहिले. तो परत आलाच नाही.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हॉलवर गेले. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. कूस बदलून बदलून गादीला सुरकुत्या पडल्या. आनंदरावांनी दार उघडलं. वाळका, उंच माणूस, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारा. पताका टेबलावर गुंडाळून ठेवली होती. भिंतीवर ‘कन्हान’चे फोटो, आणि एका लाकडी फळ्यावर जहाजाच्या दिवंगत खलाशांची नावं सोनेरी रंगात.

पताका ही सलग कापडाची नव्हती. सारख्या लांबीचे तुकडे एकमेकांना शिवून केलेली होती. मी चष्मा लावला आणि सगळे जोड एकामागून एक पाहत गेले. नवा धागा कुठेच नाही. तुकडा काढून पुन्हा शिवल्याची खूण नाही. सगळी शिवण एका हातची, एका वयाची. मी आनंदरावांना विचारलं, तुकडे जेवढे होते तेवढेच आहेत का. त्यांनी मोजले. तेवढेच होते.

मला काही सुचेना. एकही तुकडा गेला नाही आणि पताका तरी साडीभर कमी. मी खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी विचारलं, हे तुकडे कशाच्या मापाने केले आहेत.

“वावेच्या,” ते म्हणाले. दोन्ही हात आडवे ताणले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. खलाशी दोर, खोली, सगळं वावेने मोजतात. पताकेचा प्रत्येक तुकडा त्यांच्या स्वतःच्या वावेएवढा होता. शाळेतली पोरं हॉल बघायला यायची तेव्हा ते एक तुकडा छातीवर ताणून दाखवायचे, आणि कापडाच्या दोन्ही कडा बरोबर त्यांच्या बोटांच्या टोकांना यायच्या.

दाखवा, मी म्हटलं.

त्यांनी एक तुकडा उचलला आणि हात पसरले. कापड ताणलं गेलं आणि बोटांच्या आतच संपलं. मूठभर कमी. मी म्हटलं, दुसरा घ्या. तोही मूठभर कमी. तिसरा, चौथा, सगळे तसेच. आनंदरावांचे हात तसेच ताणलेले राहिले.

आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी कोष्ट्याच्या घरची. माझा बाप जन्मभर माग चालवत होता, आणि मला हे कालच कळायला पाहिजे होतं. कापलं कोणीच नव्हतं. कापड आटलं होतं. मागावरून उतरलेल्या कोऱ्या सुती कापडात खळ असते. सूत तुटू नये म्हणून विणकर ती लावतात. असं कोरं कापड पहिल्यांदा पाण्यात घातलं की पाणी दुधाळ होतं, खळ निघून जाते आणि कापड आखडतं. आमच्या घरी साडी घेणाऱ्या प्रत्येक बाईला आई हे बजावून सांगायची. प्रणालीला मळ वाटला तो मळ नव्हता, खळ होती; भूपेशला कोपरा चिमटीत धरून कळली ती हीच. पोरीने माग पाहिला तो फक्त फोटोत.

पण कापड असं दांडगं आटतं ते पहिल्यांदाच. आणि ही पताका आधी भिजली नव्हती, असं म्हणायचं तर मोठी पंचाईत होती. ‘कन्हान’ शेवटचं बंदरात शिरलं ते भर आषाढात. मनोहरराव दरवर्षी सांगतात, अख्ख्या गल्लीला पाठ आहे. पाऊस कोसळत होता, पताका चिंब झाली होती, तिचं टोक मागे समुद्रात लोळत होतं. जी पताका त्या दिवशी पावसात आणि खाऱ्या पाण्यात भिजली, तिच्यात खळ उरेल कशी? तिच्यातून मीठ निघणार नाही कसं?

मी दार लावून घेतलं. “आनंदराव, ही पताका समुद्रावर कधी गेलीच नाही. हो ना?”

ते खुर्चीवर बसले, किंवा पडले म्हणा. म्हणाले, खरी पताका त्यांच्याकडून गाडीत हरवली. मुंबईहून घेऊन येत होते, डोळा लागला, पिशवी गेली. मंडळाचे सगळे लोक तिची वाट बघत होते. त्यांच्यासमोर रिकाम्या हाताने कसं जायचं. मग उमरेडच्या एका विणकराकडून तसंच कापड विणून घेतलं, आपल्या वावेने मापून कापलं, आपल्या हाताने शिवलं. तो विणकरही आता नाही.

मला त्यांची कीव आली, खरं सांगते. पण काल गल्लीत हा माणूस तिथेच उभा होता आणि माझ्या पोरीवर आळ येताना त्याने तोंड उघडलं नव्हतं. मी तेच विचारलं.

“काहून आखूड पडली ते मले खरंच समजलं नव्हतं,” ते म्हणाले. “मलेही वाटलं, कोणीतरी कापली. पण तपासणी झाली तं माझं उघडं पडणार, म्हणून गप राहिलो. काल रात्रीपासून तोंड उघडून राहिलो अन् मिटून राहिलो.”

मी सांगितलं, संध्याकाळपर्यंत वेळ आहे. तुम्ही बोला, नाहीतर मी बोलते. जिना उतरताना मात्र माझा पाय अडखळला. गाडीत पिशवी हरवली असं सांगणारा माणूस खोटं बोलताना कसा दिसतो आणि खरं बोलताना कसा, हे मी इतक्या वर्षांत शेकड्याने पाहिलंय. गाडीची गोष्ट खोटी होती.

५

सभेला हॉल भरला होता. सगळे म्हातारे, काही त्यांच्या बायका, मागे भिंतीला टेकून सखूबाई. ती रात्री महालातच नात्यात राहिली होती. प्रणाली माझ्या शेजारी, हात मांडीवर घट्ट धरून. मनोहररावांनी मोबाइल टेबलावर ठेवला, संग्रहालयाचा नंबर काढून ठेवला, आणि विचारलं, कोणाला काही सांगायचं आहे का.

आनंदराव उठले नाहीत. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते खाली बघत राहिले. मनोहररावांनी मोबाइल उचलला तशी मी उभी राहिले.

मी आनंदरावांना पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर हात पसरायला लावले. वाव दाखवली, तुकडा दाखवला. मग खळ, दुधाळ पाणी, न निघालेलं मीठ, आणि आषाढातला तो पाऊस. एकेक सांगत गेले. प्रणालीने लांबी मोजली नाही, ही तिची चूक, तीही सांगितली. पण कापडाला कोणी कात्री लावली नाही. शेवटी म्हटलं, उरलेलं ज्याचं त्याने सांगावं.

मनोहररावांना ते समजायला वेळ लागला. त्यांनी पताकेवर हात ठेवला आणि मग झटका बसल्यासारखा काढून घेतला. दरवर्षी ज्या कापडाला ते सलाम करत आले, ते उमरेडच्या मागावर विणलेलं होतं.

आनंदराव उभे होतेच. त्यांनी ती गाडीची गोष्ट पुन्हा सांगितली, पिशवी, झोप, सगळी. गुन्हा माझ्या एकट्याचा आहे, म्हणाले. शिव्या सुरू झाल्या. एकजण म्हणाला, तोंड काळं करा याचं. आनंदराव ऐकत राहिले, मान खाली घालून.

तेव्हा मागून सखूबाई पुढे आली. सभेत ती कधी बोलत नाही, म्हणून लोकांनी वाट करून दिली.

“हरवली नाही,” ती म्हणाली. “जळली. माझ्या घरी.”

आनंदराव तिला थांबवायला लागले, वहिनी, राहू द्या. तिने ऐकलं नाही. बोलत गेली, सगळ्यांकडे नाही, टेबलाकडे बघून. तिचा माणूस समुद्रात गेला, प्रेत मिळालं नाही. सरकारी उत्तर आलं की तो बेपत्ता आहे. सासरा रोज सडकेवर जाऊन बसायचा, बेपत्ता माणूस परत येऊ शकतो म्हणून. आनंदराव मुंबईहून पताका घेऊन निघाले ते आधी पारशिवनीला गेले, घरच्यांना भेटायला. त्यांना पाहून सासऱ्याला कळलं की आता जहाजही नाही, वाट बघायला काही उरलं नाही. दुसऱ्याच दिवशी सासऱ्याने पळसाच्या पानांचा पुतळा करायला लावला. प्रेत नसलं की तसा करतात, आणि त्याचंच दहन करतात.

“त्याच्यावर घालाले घरात कोरं कापड नव्हतं,” ती म्हणाली. “या माणसानं पिशवी उघडली. म्हणाला, वहिनी, हे त्याच्या जहाजाचं आहे. अन् गुंडाळत गेला, गुंडाळत गेला, पान दिसेनासं झालं. सासऱ्यानं आग देल्ली. मग आम्ही घरी येऊन जेवलो. तवापासून तो सडकेवर नाही बसला.”

म्हणजे दरवर्षी ते टोक छातीशी धरताना तिला माहीत होतं. मी विचारलं तसं. ती म्हणाली, माहीत होतं. आनंदरावांनी तिला सांगितलं नव्हतं, पण तिने ओळखलं होतं, आणि म्हणूनच काल पोरीची बाजू घेतली होती. जे आपल्या डोळ्यांदेखत जळलं ते परत येत नाही. पण वर्षातून एक दिवस सगळे मिळून ते धरतात, म्हणून ती येत होती.

मनोहरराव टेबलाला धरून उभे होते. जहाज त्यांचं आयुष्य होतं, ते बोलले ते रागापेक्षा दुःखाने बोलले असं मला वाटतं. पण बोलले. “अख्ख्या जहाजाची पताका होती ती. कोणाले इचारून जाळली?”

सखूबाईने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. “माझा माणूस गेला तवा मले कोणी इचारलं होतं?”

मनोहरराव बसले. त्यांनी तळहाताने तोंड पुसलं. त्यानंतर उठून प्रणालीसमोर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की पोरी, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला, मला माफ कर. ती त्यांच्या पाया पडली, आणि मग उठून टेबलावरचा मोबाइल तिने स्वतः उचलला.

दोनतीन म्हातारे घाईने पुढे झाले. त्यांचं म्हणणं, घरातली गोष्ट घरात राहू दे. संग्रहालयवाल्यांना काय कळणार आहे, तुझी नोकरी होईल, पताका दालनात लागेल, ‘कन्हान’चं नाव राहील. मीही तिच्याकडे बघत होते. आत्या म्हणून माझ्याही तोंडावर तेच आलं होतं, लपवत नाही. प्रणालीने मान हलवली आणि नंबर लावला. पताका मूळची नाही, नंतर विणलेली आहे, आणि लांबी मी मोजली नव्हती, हे तिने माझ्यासमोर शब्द न चावता सांगितलं. पलीकडून बराच वेळ कोणी बोलत होतं. ती फक्त हो म्हणत होती. फोन ठेवून म्हणाली की पताका त्यांना नको आहे, आणि तिचं काय ते नंतर कळवतील. मी तिचा हात धरला आणि सोडला नाही.

आता या कापडाचं काय करायचं, कोणीतरी विचारलं. त्यावर बरीच बाचाबाची झाली. फेकून द्या म्हणणारेही निघाले. मनोहररावांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते भिंतीवरच्या फळ्यासमोर जाऊन उभे राहिले होते. त्या फळ्यावर चंद्रभानचं नाव नव्हतं. तो मेल्याचा कागद कधी आला नाही, म्हणून मंडळाने ते कधी लिहिलं नाही, आणि तो नियम मनोहररावांचाच होता.

त्यांनी सखूबाईला जवळ बोलावलं. उद्या रंगारी येईल, म्हणाले. “वहिनी, पूर्ण नाव काय लिहाचं?”

आमच्याकडच्या त्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. बसमध्ये, दवाखान्यात, कचेरीत, कुठेही विचारलं तरी शेजारचा कोणी सांगतो. आनंदराव सवयीने सांगायला पुढे झाले. सखूबाईने हाताने त्यांना थांबवलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि फळ्याकडे बघून म्हणाली, “चंद्रभान ईश्वरदास कुंभलकर.”